दांडिया बाजारातला टॅरोचा मराठी वर्ग: आठ रविवार पूर्ण केल्यावर लिहितेय

बडोद्यात टॅरो, म्हणजे चित्रांचे ७८ पत्ते काढून वाचायची पद्धत, शिकवणारे आता बरेच आहेत, पण मराठीतून, समोर बसवून, हातात पत्ते देऊन शिकवणारं कोणी मला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. शेवटी सापडलं ते भिशीतल्या एकीच्या ओळखीने, दांडिया बाजारात, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. आठ रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, फी ४,००० रुपये, पत्त्यांचा सेट आपला आपण आणायचा. शिकवणाऱ्या ताई साठीच्या आसपासच्या, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की माझं नाव-नंबर नेटवर टाकू नका, दहाच्या वर माणसं मला झेपत नाहीत. म्हणून नाव लिहीत नाही. वर्गाबद्दल लिहिते म्हटलं तर चालेल म्हणाल्या, विचारून घेतलंय.

मी इथवर कशी आले ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं, घरात कुणाला झोप नाही, तेव्हा मी एका बाईंकडे पत्ते बघायला गेले होते. त्यांनी तीन पत्ते काढले, मधला निघाला डेथ. बाईंनी तो उचलून पालथा ठेवला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाल्या घरावर सावट आहे, शांत करून घ्या, ११,००० लागतील. पैसे मी दिले नाहीत, पण पुढचे दोन महिने ह्यांचा फोन लागला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा. त्या पत्त्यावर नक्की काय काढलंय ते त्यांनी मला धड बघूसुद्धा दिलं नव्हतं. नंतर मी हट्टाने एक ऑनलाइन कोर्स घेतला, दोन तासांत सर्टिफिकेट आणि ७८ अर्थांची पीडीएफ, पाठ करा म्हणाले. पाठ केले सगळे, रोज स्वयंपाक करताना म्हणायचे, आणि बहिणीने समोर बसून एक साधा प्रश्न विचारला तर तोंडातून शब्द फुटेना. अर्थ येत होते पण जोडायचे कसे, कुठून सुरुवात करायची, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

तर पहिला रविवार. ताईंनी पत्ते पिशवीतून काढूच दिले नाहीत. विचारलं, राजा रविवर्म्याची लक्ष्मी सगळ्यांनी बघितलीय ना? बडोद्याच्या माणसाला हे विचारायला नको खरं तर, सयाजीरावांनी रविवर्म्याकडून चित्रं करून घेतली, फत्तेसिंग म्युझियममध्ये शाळेच्या सहलीपासून आपण ती बघतोय आणि लक्ष्मीचं छापील चित्र तर कुणाच्या ना कुणाच्या देवघरात असतंच. मग म्हणाल्या, न बघता सांगा, चित्रात हत्ती किती? दहा जणांपैकी सात-आठ जणांनी दोन सांगितले, मी पण दोनच. त्यांनी कपाटाच्या मागून फ्रेम काढून टेबलावर ठेवली. हत्ती एकच, सोंडेत हार घेतलेला. आपल्या डोक्यात गजलक्ष्मी पक्की बसलेली असते, दोन्ही बाजूंना हत्ती, आणि मग समोरच्या चित्रात पण आपण तीच बघतो. ताई म्हणाल्या, "पत्त्यांचं असंच होणारे तुमचं. अर्थ आधी आठवेल आणि चित्र दिसणारच नाही. मला आधी दिसलेलं सांगायचं, कळलेलं नंतर."

पूर्ण कोर्सचा पाया हाच आहे, आणि मला विचाराल तर ४,००० मधले ३,००० या एका सवयीचेच. प्रत्येक पत्ता समोर ठेवून आधी दोन मिनिटं गप्प बसायचं. मग वहीत लिहायचं: कोण आहे, कुठे बघतोय, हातात काय, पायाखाली जमीन आहे का पाणी, आभाळ कसं, मागे लांब काय आहे. "याचा अर्थ" हे शब्द पहिली दहा मिनिटं कुणी उच्चारायचे नाहीत. सुरुवातीला फार कंटाळा येतो, आमच्यातले एक काका तर दुसऱ्याच रविवारी कुरकुरले की आम्ही भविष्य शिकायला आलोय, चित्रकला नाही. तेच काका शेवटच्या रविवारी सगळ्यात छान वाचत होते.

दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्या टाकून एकेक पत्ता वाटला आणि माझ्या वाट्याला नेमका डेथ. हात थंड पडले माझे. पण दोन मिनिटं बघायचं म्हणजे बघायचं. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा, हातात काळा झेंडा, त्यावर पाच पाकळ्यांचं पांढरं गुलाब. घोड्याखाली राजा आडवा पडलाय, मुकुट निसटून जमिनीवर. समोर सोनेरी झग्यातला धर्मगुरू हात जोडून उभा, एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसलेली, तोंड फिरवलेलं, आणि तिच्याशेजारी एक लहान मूल, ते मात्र वर बघतंय. मागे नदी, नदीत एक होडी. मला वाटलं झालं, लिहिलं सगळं. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, उजवीकडे वर बघ. तिथे दोन बुरूज आहेत आणि त्यांच्या मधोमध सूर्य. इतका स्पष्ट की मला आधी कसा दिसला नाही याचं आश्चर्य वाटलं. मग त्यांनी वर्गाला विचारलं, यात न घाबरलेलं कोण? सगळे म्हणाले, ते मूल. माझे डोळे भरून आले, बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ. त्या वर्षी आमच्याकडे झालं ते असं की ह्यांची ती नोकरी गेलीच, सहा महिने फार ओढाताणीत काढले आणि मग हालोलला दुसरी मिळाली, आधीपेक्षा बरी. पत्त्याने ते आधीच सांगितलं होतं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा कुणी मला तो सूर्य दाखवला असता तर ते दोन महिने मी एवढ्या धास्तीत काढले नसते. म्हणून ज्यांनी ज्यांनी कुठेतरी पत्ते बघून भीती घेतलीय त्यांना मी मुद्दाम सांगते, तुम्हाला निघालेला पत्ता स्वतः हातात घ्या आणि नीट बघा.

आता सेटबद्दल, कारण इथे पैसे वाया जातात. ताई फक्त रायडर-वेट-स्मिथ नावाचा सेट चालवतात. त्याचं कारण त्यांनी समजावलं ते मला पटलं. टॅरो मुळात १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते होते, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखा एक खेळच म्हणा ना. (वर्गात एकीने इजिप्तचा विषय काढला, तर ताईंनी सांगितलं की ती गोष्ट १७८१ साली कूर द जेबलां नावाच्या एका फ्रेंच माणसाने लिहून पसरवली, तिला पुरावा नाही.) जुन्या मार्सेई पद्धतीच्या सेटमध्ये लहान पत्त्यांवर नुसती चिन्हं असायची, पाच कप म्हणजे पाच कप काढलेले, बस. १९०९ च्या डिसेंबरमध्ये लंडनला विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी जो सेट काढला त्यात आर्थर वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं, आणि या बाईंनी छोट्या पत्त्यांवरसुद्धा पूर्ण प्रसंग काढले, माणसं, घरं, हवामान सगळं. त्यामुळे नवशिक्याला वाचायला काहीतरी मिळतं. या कामाचे त्यांना फार थोडे पैसे मिळाले, तसं त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवलंय, आणि १९५१ मध्ये गरिबीतच गेल्या. त्यांची वेटोळ्यासारखी सही प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक असते, ताईंनी आम्हाला एकेका पत्त्यावर ती शोधायला लावली. वर्षानुवर्षं सेटच्या डब्यावर फक्त प्रकाशकाचं आणि वेट यांचं नाव यायचं, बाईंचं नाहीच. हे ऐकल्यावर मी पण आता "रायडर-वेट" म्हणत नाही, स्मिथ जोडूनच म्हणते.

मी ऑनलाइन स्वस्तातला सेट मागवला होता, दुकानाचं नाव सांगत नाही, पण आला तो असा की कडेने चित्रं कापलेली. कागद पातळ, पिसताना चिकटतात, आणि माझ्या डेथवरचा तो सूर्य अर्धा कडेत गेलेला. ताईंनी स्वतःचा जुना सेट शेजारी ठेवून दाखवला तेव्हा कळलं. सहीचा कोपरा तर माझ्या निम्म्याहून जास्त पत्त्यांवर नव्हताच. थोडे जास्त पैसे घाला पण चौकटीसकट पूर्ण चित्र छापलेला घ्या, आणि हातात मावेल असा, फार मोठा घेतला तर आपल्याला नीट पिसता येत नाही. मी मग दुसरा घेतला.

पाठांतराबद्दल. ७८ अर्थ पाठ करायचे नाहीत असं ताईंचं स्पष्ट म्हणणं. २२ मेजर अर्काना, म्हणजे डेथसारखे स्वतःचं नाव असलेले मोठे पत्ते, एकेक करून चित्रातून ओळखीचे करायचे. उरलेले ५६, त्यातले ४० आकड्यांचे, ते त्या चक्क रमीच्या भाषेत शिकवतात: एक्का, दुर्री, तिर्री, दश्शीपर्यंत. कप्स (पेले) म्हणजे बदाम, सोर्ड्स (तलवारी) म्हणजे इस्पिक, वाँड्स (काठ्या) म्हणजे किलवर, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे चौकट. मग प्रत्येकाला एक तत्त्व: वाँड्स अग्नी, म्हणजे उत्साह, काम, ईर्ष्या. कप्स पाणी, मन आणि नाती. सोर्ड्स हवा, विचार, बोलणं, भांडण. पेंटॅकल्स पृथ्वी, पैसा, घर, शरीर, कष्ट. चार तत्त्वं झाली, पाचवं आकाश राहिलं, ते मेजर अर्काना असं समजा म्हणाल्या, ही जोड त्यांची स्वतःची आहे आणि मला फार आवडली कारण आपल्याला पंचमहाभूतं सांगावी लागत नाहीत. मग आकड्याचा स्वभाव. एक्का म्हणजे बी. चार म्हणजे स्थिर झालेलं, पाच म्हणजे ते स्थिर मोडलं, दहा म्हणजे भरलं आणि आता पुढे काय.

हे नुसतं सांगून कळत नाही. त्यांनी चारही पंज्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. वाँड्सची पंजी: पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांवर धावलेली, पण कुणाला लागलेलं दिसत नाही. कप्सची पंजी: काळी शाल घेतलेला माणूस मान खाली घालून, समोर तीन कप सांडलेले, पाठीमागे दोन उभे आहेत ते त्याला दिसतच नाहीत, आणि नदीवर पूल आहे. सोर्ड्सची पंजी: एक जण तलवारी गोळा करून हसतोय, बाकीचे दोघे पाठ फिरवून चाललेत. पेंटॅकल्सची पंजी: बर्फात दोन गरीब माणसं, एकाला कुबड्या, आणि वर चर्चची उजळलेली खिडकी. चारही ठिकाणी काहीतरी मोडलंय, पण कुठे जोर मोडलाय, कुठे मन, कुठे माणुसकी, कुठे आसरा. हे एकदा ओळीने बघितलं की आयुष्यात विसरणार नाही, पीडीएफची गरजच नाही. घरी जाऊन मी चारही दश्श्या मांडल्या, मग चारही अठ्ठ्या. रात्री एक वाजला, ह्यांनी येऊन लाइट बंद केला.

प्रश्न कसा विचारायचा यावर अख्खा एक रविवार आहे आणि तो चुकवू नका. माझी आजी रत्नागिरीकडची, गावच्या देवळात कौल लावायची पद्धत तिने सांगितलेली, देवाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी हे वर्गात सांगितलं तर ताई म्हणाल्या अगदी बरोबर, हो-नाहीचा प्रश्न असेल तर तो देवासमोर न्या, टॅरोसमोर नको, कारण टॅरोच्या चित्रात हो-नाही असं काही काढलेलंच नाही, माणसं काढलीयत. म्हणून आधी प्रश्न बदलायचा. आम्ही प्रत्येकाने एकेक खराखुरा प्रश्न कागदावर लिहिला आणि तो तीनदा फिरवून लिहिला. माझ्या शेजारच्या मुलीचा होता "मला प्रमोशन मिळेल का". दुसऱ्यांदा झाला "मला प्रमोशन का मिळत नाहीये". तिसऱ्यांदा, "या प्रमोशनसाठी मी काय करतेय जे कुणाला दिसत नाहीये". तिसरा लिहिल्यावर ती म्हणाली की बेन, मला पत्ते न काढताच समजलं. (ती गुजराती आहे, मराठी छान समजते, वर्गात निम्मं निम्मं चालतं, बडोदंच ते.)

मांडणीमध्ये ताई पहिले चार रविवार एक आणि तीन पत्त्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. रोज सकाळी एक पत्ता, वहीत तारीख घालून दिसलेलं लिहायचं, रात्री एक ओळ जोडायची की दिवस कसा गेला. ही वही म्हणजे तुमचा खरा गुरू असं त्या म्हणतात, आणि दोन महिन्यांनी मागे वळून वाचलं तर खरंच कळतं की एखादा पत्ता आपल्याला कुठल्या बाबतीत येतो. माझ्याकडे सोर्ड्सची अठ्ठी, ती डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, जून महिन्यात पाचदा आली आणि पाचही वेळा मी कुणालातरी नाही म्हणायचं टाळलेलं होतं. नीट बघितलंत तर तिच्या अंगाभोवतीची पट्टी सैलच आहे आणि समोरच्या बाजूला तलवारी नाहीत.

तीन पत्त्यांना भूत-वर्तमान-भविष्य ही नावं वापरायची नाहीत, त्याऐवजी "आत्ता कुठे आहे, काय अडवतंय, कशाकडे बघायला हवं". सेल्टिक क्रॉस, ही दहा पत्त्यांची मांडणी, सातव्या रविवारी. पहिला मध्यभागी, दुसरा त्यावर आडवा, मग खाली-वर-मागे-पुढे चार, आणि उजव्या बाजूला चारांची उभी रांग: आपण स्वतः, आजूबाजूची माणसं, आशा आणि भीती, शेवटचा निष्पत्ती. नववा पत्ता आशा आणि भीती दोन्हीचा एकच का, यावर आमच्यात जी चर्चा झाली ती मला अजून पुरतेय. ज्याची आस असते त्याचीच धास्ती असते ना, मुलाला परदेशी पाठवणाऱ्या कुठल्याही आईला विचारा. दहा पत्ते मांडले की आधी दुरून बघायचं: मेजर किती आलेत, कुठलं तत्त्व अजिबातच नाही, एखादा आकडा दोन-तीनदा आलाय का, चित्रातली माणसं एकमेकांकडे बघतायत का पाठ करून बसलीत. मग जवळ जायचं.

आता सहाव्या रविवारचं सांगायलाच हवं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांसाठी वाचायला लागलो. माझ्यासमोर बसल्या आमच्या बॅचमधल्या सगळ्यात मोठ्या काकू, सत्तरीच्या. मांडवीजवळचं सासरचं घर विकायचं चाललंय, मुलगा मागे लागलाय, काकूंचं ठरत नाही. प्रश्न फिरवून फिरवून असा झाला: "घर विकायचं म्हटलं की मला नक्की काय अडवतं?" काकूंनी पत्ते पिसले, डाव्या हाताने काटले, मी तीन मांडले. पहिला पेंटॅकल्सचा चौका, तो माणूस एक नाणं छातीशी कवटाळून, एक डोक्यावर, दोन पायांखाली, हलायची सोय नाही. दुसरा, अडवणारा, पेंटॅकल्सची दश्शी. तिसरा सोर्ड्सची छक्की.

मला दश्शीचं सगळं पाठ होतं, खानदान, वारसा, भरलं घर, आणि मी तोंड उघडणार इतक्यात ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा नियम आहे, पत्ता उलगडला की मनात दहा मोजायचे, समोरच्याला बघू द्यायचं. काकूंनी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. कमानीत एक जोडपं बोलत उभं आहे, एक लहान मूल आहे, आणि पुढे डाव्या हाताला एक म्हातारा नक्षीच्या अंगरख्यात बसलाय, त्याच्याजवळ दोन पांढरी कुत्री. काकू म्हणाल्या, "हे आजोबा दाराच्या बाहेर बसलेत." मग जरा थांबून, "आमचे हे असेच ओट्यावर बसायचे. शेवटची दोन वर्षं. आत आम्ही सगळे बोलत असायचो." वर्गात कुणी हललं नाही. खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत होता तेवढाच. पुढे त्याच म्हणाल्या की मला घराचं काही नाही गं, तो ओटा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा म्हटलं की जीव होत नाही.

मग छक्की बघितली. नाव, नावाडी, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी बाई, लहान मूल, आणि नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. नावेच्या एका बाजूचं पाणी खळबळतंय, दुसऱ्या बाजूचं शांत. काकू म्हणाल्या, "सामान बरोबर घेऊनच चाललेत की." मी फक्त एवढंच विचारलं की तुम्ही बरोबर काय न्याल. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या, ते त्यांचं खासगी, लिहीत नाही. घराचं अजून ठरलेलं नाही. पण निघताना त्यांनी दश्शीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, मुलाला दाखवायला. मी आख्ख्या रीडिंगमध्ये चार वाक्यं बोलले असेन. दोन तासांच्या सर्टिफिकेटने मला हे कधीच शिकवलं नसतं.

ताईंचे काही नियम कडक आहेत आणि मला योग्य वाटतात. तब्येतीचा प्रश्न घ्यायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. कोर्टाचा नाही. कोण कधी जाणार, हा तर नाहीच नाही. समोर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे वाचायचं नाही, म्हणजे "तो माझ्याशी खरं बोलतोय का" असे प्रश्न परत करायचे. एकाच प्रश्नाला महिन्याच्या आत परत पत्ते काढायचे नाहीत. आणि उपाय, पूजा, खडे काही सुचवायचं नाही, कुणी मागितलं तरी.

कमी काय वाटलं ते पण लिहिते, कारण चांगला वर्ग आहे म्हणूनच सुधारावा असं वाटतं. एक, नोट्सची झेरॉक्स काळी-पांढरी देतात. जिथे सगळा भर बघण्यावर आहे तिथे हे चालत नाही, सन पत्त्याचा पिवळा आणि मून पत्त्याचा पिवळा यातला फरक झेरॉक्समध्ये कसा कळणार? पाचशे रुपये जास्त घ्या पण रंगीत द्या, आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलंय.

दोन, सोळा दरबारी पत्ते, पेज-नाइट (घोडेस्वार)-क्वीन-किंग, एका तासात उरकले. नवशिक्याला सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, हा पत्ता म्हणजे माणूस समजायचा, स्वभाव समजायचा का बातमी. मला अजूनही पेज आणि नाइट नीट लागत नाहीत. चारही नाइटचे घोडे बघा एवढी एक युक्ती मिळाली, पेंटॅकल्सचा घोडा स्तब्ध उभा आणि सोर्ड्सचा उधळलेला, ती खूप कामाची आहे, पण पुढे अजून हवं होतं.

उलटे पत्ते, म्हणजे डोकं खाली असे निघालेले, पण घाईत झाले. उलटा म्हणजे वाईट असं नसतं, तीच गोष्ट अडकलेली, आत वळलेली किंवा उशिराची, इतकं सांगून सोडून दिलं आणि पहिलं वर्ष सगळे सरळच ठेवा म्हणाल्या. ते पटतं पण उदाहरणं हवी होती दोन-चार.

आणि शेवटच्या रविवारी लेनोर्मां नावाचे ३६ पत्ते दाखवले, तो सेट वेगळाच असतो, त्यात चित्रात प्रसंग नाही, नुसती एकेक वस्तू: जहाज, पत्र, चावी, कोल्हा, उंदीर. ते जोडी लावून वाचायचे, जहाज आणि पत्र शेजारी आले तर लांबून आलेली खबर, म्हणजे टॅरोत आपण चित्रात शिरतो आणि इथे शब्दाला शब्द जोडतो. फार गोडी लागली आणि तेवढ्यात साडेबारा वाजले. याचा स्वतंत्र वर्ग काढा ताई, आम्ही सगळे येऊ.

माझे पाचपैकी साडेचार स्टार. ज्यांना आठवड्याभरात लोकांचे पत्ते बघून पैसे कमवायचेत त्यांनी जाऊ नका, तिथे ते मिळणार नाही. ज्यांना स्वतःसाठी, घरच्यांसाठी शांतपणे शिकायचंय त्यांनी नक्की जा, वय कितीही असो, आमच्यात बावीस ते सत्तर सगळे होते.

बाकी जाण्याआधी: जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा, ताई खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खोलीत सोय करतात, काकूंसाठी तीन रविवार केली होती. गाडी सुरसागरच्या बाजूला लावून चालत या, गल्लीत जागा नाही. दोनशे पानी वही घ्या, शंभर पानी माझी पाचव्या रविवारीच संपली. मध्ये चहा मिळतो, खायला काही नसतं, आम्ही सुटल्यावर सगळे मिळून शेवउसळ खायला जायचो. नवी बॅच नवरात्र झाल्यावर, कारण ते नऊ दिवस रात्री गरबा करून सकाळी साडेनऊला कुणी येत नाही, आणि ताई स्वतःसुद्धा मांडवीच्या गरब्याला जातात.